पाचव्या ओळीवर

१

लॉगरला सेन्सर जोडणं म्हणजे लग्न जुळवणं, असं आमच्या धंद्यात नव्या पोरांना गमतीनं सांगतात. मला ते कधी पटलं नाही. लग्नात निदान चौकशी तरी करतात.

लॉगर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा एक डबा. वर छोटा पडदा, बाजूला एक बटण. सेन्सर पाण्यात, शेतात, जिथं असतील तिथून बिनतारी आकडे पाठवतात आणि हा डबा ते साठवतो. पण आधी ओळख करून द्यावी लागते. बटण दाबून धरलं की लॉगर थोडा वेळ ऐकत बसतो. तेवढ्या वेळात आसपासचा जो नवा सेन्सर पहिल्यांदा उत्तर देईल, त्याला तो आपला म्हणून ठेवून घेतो आणि पडद्यावर त्याची एक ओळ उघडतो. तू कोण, कुठला, हे विचारायची अक्कल त्याला दिलेलीच नाही. म्हणून एका वेळी एकाच सेन्सरमध्ये सेल घालायचा, बाकीचे पिशवीत गप्प ठेवायचे. आणि एका लॉगरचा झालेला सेन्सर दुसऱ्या लॉगरला ओ देत नाही. त्याला दुसरीकडे न्यायचं तर आधी पहिल्या घरची ओळ पुसावी लागते.

मी हेमेंद्र, आमगावचा. गोंदियातल्या एका लहानशा कंपनीसाठी ही कामं करतो. मागच्या मार्गशीर्षात दरेकशाच्या अलीकडच्या एका गावच्या तलावाचं काम आलं. तलाव जुना, तळी खोदणाऱ्या कोहळी समाजानं बांधलेला. मंजूच्या खापरपणजोबानं बांधला असं तिच्या घरचे सांगत, पण त्या गावातला प्रत्येक कोहळी आपल्याच खापरपणजोबाचं नाव सांगतो.

मंजू माझी बायको. उन्हाळ्यात काविळीनं गेली. शुद्धीत होती तोवर तिनं एकच सांगितलं, माझी राख वाघ नदीत नको, माहेरच्या तळ्यात सोडा. माहेरी आता तिचं कुणी राहिलेलं नाही, तळं तेवढं आहे. मी सोडली.

ऑफिसात बसून आकडे बघणाऱ्या रश्मीला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, "सर, जमेल ना? नहीं तो किसी और को भेजते हैं." मी म्हटलं, तळ्याला काय घाबरायचं. खरं सांगायचं तर मला हौस होती. तिला भेटायला चाललोय, असंच मनात होतं. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण होतं.

२

तलावाचा राखणदार पतिराम. गोंड, साठीच्या पुढचा, अंगानं वाळका. त्याचं घर पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशीच आहे. लॉगरला छप्पर लागतं आणि वीज लागते, म्हणून तो त्याच्या छपरीत लावायचं ठरलं होतं.

"या जवाईबापू," तो म्हणाला. त्या गावात मला सगळे जवाईच म्हणतात. बायको गेली तरी नातं काही पुसलं गेलेलं नाही.

त्याची बायको रुख्माबाई दाराशी बसून होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत तळ्याकडे तोंड केलं. चहा पतिरामनंच केला. चुलीजवळ एका ताटात भात तसाच वाळून पडला होता. ती जेवत नाही हे न सांगताही समजत होतं.

सेन्सर चार. एक सांडव्यावर, एक पाणी सोडायच्या मोरीवर, एक खालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, मातीत आणि एक तरंगता, तळ्याच्या पोटात. चौथ्यासाठी डोंग्यातून जावं लागलं. पतिराम वल्हवत होता. घाटाच्या पायऱ्यांपासून थोडं पुढे गेल्यावर मी तरंगा सोडायला वाकलो, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"इथं नका टाकू जी. आणखी समोर घ्या."

"काऊन?"

"काई नाई. समोर घ्या."

मी वाद घातला नाही. पुढे जाऊन टाकला. छपरीत परत आलो, बटण दाबलं आणि चौथी ओळ उघडली. काम झालं. ऐकायची मुदत अजून थोडी उरली होती. ती आपोआप संपते, म्हणून मी मुद्दाम बंद करत नाही. स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत टाकला आणि वर पाहिलं, तर पडद्यावर पाचवी ओळ होती.

पिशवीत जादा सेन्सर मी एकही आणला नव्हता. चार आणले, चार लावले. पाचव्या ओळीवर तापमान होतं, तरंग्यापेक्षा बरंच थंड. त्यापुढे ओलावा, शंभर टक्के. आणि कडेला ताकदीची एक दांडी, मोबाइलला असते तशी.

३

असं होतं. शेजारच्या कुणाचा सेन्सर भटकत येतो. वनखात्यानं जंगलात काही लावलेलं असतं, कुणा शेतकऱ्यानं पंपावर. मी पतिरामला विचारलं, ह्या डब्याला आणखी कोण ओ देऊन राहिलं? तो म्हणाला, इथं तुमीच पयले. तरी मी पाळीवर चढून चारी बाजूंना नजर टाकली. धान कापलेल्या बांध्या, त्यातली धसकटं, पलीकडे साग. खांब नाही, पेटी नाही.

मग लॉगर हातात घेऊन चालायला लागलो. अशा वेळी हेच करायचं असतं, जिकडे दांड्या वाढतील तिकडे जायचं. शेताकडे गेलो, ओळ जवळजवळ विझली. सांडव्याकडे गेलो, तेच. घाटाकडे वळलो तशा दांड्या भरत गेल्या आणि पाण्याला लागलेल्या शेवटच्या पायरीवर सगळ्या भरल्या. मी पाण्यात पाहिलं. स्वच्छ पाणी, खाली गाळ, शेवाळ. पतिरामनं जिथं माझं मनगट धरलं होतं ती जागा तिथून हाताच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ होती.

रश्मीला फोन लावला.

"सर, पाचवी ओळ मला पण दिसते," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"मलाच विचारून राहिलीस?"

"डिलीट करून टाका ना. शामपर्यंत साइट हॅण्डओव्हर आहे. चारच्या वर काही दिसलं तर पास नाही करणार ते लोक."

मी पुसली. ओळ गेली, चार राहिल्या, पडदा नीटनेटका झाला. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्याच पायरीवर खाली बसलो. मंजूची राख मी ह्याच पायरीवरून सोडली होती. मी कोणाला पुसलं?

मी कारणं शोधणारा माणूस आहे. देवळात गेलो तरी घंटेच्या वजनाचा विचार करतो. तरीही मी परत बटण दाबलं. चारही सेन्सर आधीच जोडलेले होते, उत्तर द्यायला कुणी शिल्लकच नव्हतं. बटणावरचं बोट काढायच्या आत पाचवी ओळ उघडली.

पिशवीत आणखी एक लॉगर असतो, बिघाड झालाच तर म्हणून. तो काढून घरी आमगावला न्यावा, तिथं ऐकायला ठेवावा, असा विचार मी त्या पायरीवर बसून केला. नंतर बराच वेळ दुसरं काही सुचेना.

४

"कोन हाये ते?"

रुख्माबाई पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभी होती. तिच्या हातात दुपारच्या केराचं सूप तसंच होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, डब्याकडे बघत होती.

"काही नाही जी," मी म्हटलं. "मशीनची भानगड आहे."

"मालक मने, पान्यातून कोनी ओ देऊन राहिलं."

पतिराम तिच्या मागे येऊन थांबला. त्यानं तिच्या वतीनं मला सांगितलं, एक एक शब्द मोजून. त्यांची मुलगी गंगा दिवाळीनंतर ह्याच घाटावर धुणं धुताना बुडाली. वीस वर्षांची पोर. त्यांच्यात माणूस गेलं की त्याचा जीव पाण्यावरून घरी आणायची रीत आहे. काठावर मडकं धरायचं, नाव घेऊन हाक मारायची. मासोळी असो, झिंगा असो, पाण्यातला किडा असो, जे पहिलं जिवंत मडक्यात येईल ते घरी न्यायचं आणि देवाजवळ ठेवायचं. मग गेलेलं माणूस घरात असतं, घराचं होतं. आणलं नाही तर ते बाहेरच राहतं.

"आमी आलो होतो," तो म्हणाला. "सारं गोत आलं होतं. मग आमी दोघंच आलो. काईच नाई आलं मडक्यात. झिंग्यानं भरलं तळं हाये जी हे, पन एक झिंगा नाई आला."

"माही पोर थंड्या पान्यात हाये," रुख्माबाई म्हणाली. "तुमच्या डब्यात थंडी दिसते का?"

मी तिला आकडा सांगितला नाही. पण हो म्हणून मान हलवली आणि तिला ते पुरलं.

आमच्यात हे उलट आहे. राख सोडली की मागे वळून पाहत नाहीत, हाक मारत नाहीत. जाणाऱ्याचा पाय अडतो म्हणतात. आम्ही जाऊ देतो आणि त्याला शहाणपण समजतो. त्या घडीला मला तिच्या रीतीचा हेवा वाटला. आणि सरळच सांगतो, मला रागही आला. ती ओळ माझी होती. माझी बायकोसुद्धा त्याच पाण्यात होती.

५

रुख्माबाईनं नवं मडकं आणलं. मी लॉगर घेऊन तिच्या मागे वरच्या पायरीवर उभा राहिलो. नको म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं आणि मला खरं काय ते हवं होतं.

मी मनात एक कसोटी ठरवली. दांडी आता एकच दिसत होती, कारण डबा पाण्यापासून वर होता. ती गंगा म्हणून हाक मारेल. काही हललं नाही तर ती गंगा नाही. मग मी मारेन.

ती खाली पाण्याशी जाऊन वाकली, मडक्याचं तोंड पाण्याला लावलं आणि गोंडीत घरी चल असं काहीसं म्हणाली. मग नुसतं नाव.

"गंगा."

तिचा आवाज मोठा नव्हता. आई घरातून अंगणातल्या पोराला बोलावते तेवढाच. तळ्यावर बदकं होती, ती हललीसुद्धा नाहीत. पडद्यावर दांड्या भरल्या. एकदम नाही, कुणी पायऱ्या चढून यावं तशा, एकीमागून एक.

मी मनातल्या मनात मंजू, मंजू म्हणत होतो. तोंडातून आवाज निघाला नाही. आणि निघून तरी काय? उत्तर आलं होतं, ते दुसऱ्या नावाला आलं होतं.

"आली," मी म्हटलं.

मडक्यात पाण्याशिवाय काही नव्हतं. रुख्माबाईनं त्यात बघितलंसुद्धा नाही. ते पदराखाली घेऊन ती घराकडे चालू लागली आणि मी डबा घेऊन मागे. पाण्यापासून लांब जात होतो तरी दांडी एकही कमी झाली नाही. आकडा मात्र बदलत होता. पाळ उतरेपर्यंत पाचव्या ओळीवरची थंडी थोडी ओसरली होती.

६

लॉगर मी छपरीच्या भिंतीला लावला. आतल्या खोलीत, देवाच्या कोपऱ्यात तिनं मडकं ठेवलं. दाराला बांबूचा ताटवा होता, तो तिनं ओढून घेतला.

मी तारा बांधत होतो, एक डोळा पडद्यावर. तापमान हळूहळू चढत घराच्या उबेपर्यंत आलं. ओलावा मात्र शंभरावरून हटेना. घरात कुणी पाणी ठिबकणारं लुगडं वाळत घातलं तर आकडा असा राहतो. कुणी ओल्या कपड्यांनी येऊन बसलं तरी असाच राहतो.

"वली हाये ते," आतून रुख्माबाई म्हणाली. "मालक, शेगडीत इस्तो आना. शेकू द्या तिले."

पतिरामनं निखारे नेऊन दिले. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला आवडला नाही. पोर घरी आलेल्या बापाचा तो चेहरा नव्हता.

थोड्या वेळानं ओलावा उतरायला लागला. नव्वद, मग त्याच्या खाली. मी माझ्या मनाला समजावत होतो की शेगडीच्या धगीनं हवा कोरडी होते, कुठल्याही खोलीत होते. पण त्या खोलीत सेन्सर नव्हता. मी पुन्हा पुन्हा तिथंच येऊन अडत होतो.

आतून बोलण्याचा आवाज येत होता. म्हातारी एकटीच बोलत होती, विचारत होती, थांबत होती. एकदा तिनं जरा आवाज चढवून गंगा म्हटलं आणि थांबली. तेवढ्यात माझ्या हातातली पकड खाली पडली, मी ती उचलायला वाकलो, म्हणून मला नीट ऐकू आलं नाही. कुणीतरी काहीतरी म्हणालं एवढं कळलं.

ताटवा बाजूला सरला. रुख्माबाई दारात आली. ती रडत होती आणि तिचं तोंड हसत होतं.

"आयकलं का जी? माय म्हनली मले." तिनं माझा हात धरला. "जल्माची बहिरी पोर माही. मुकी. एवढी मोठी झाली, माय म्हनून हाक नाई ऐकली मी तिची. आज म्हनली."

ती परत आत गेली. मग भांड्याचा आवाज आला. ती भात वाढून घेत होती, पहिल्यांदा स्वतःच्या हातानं.

मी पकड पिशवीत टाकली आणि घाटाकडे निघालो.

७

पतिराम घाटावर होता. मी त्याच्या बाजूला जाऊन बसलो. त्याच्या ओंजळीत बारीक खडे होते आणि तो एकेक खडा पाण्यात टाकत होता, जोरानं नाही, नुसता पुढ्यात.

"तिले असं बलवत होतो," तो म्हणाला. "आयकू नाई येत तर हाक मारून काय करता? धुनं धुवाले बसली रायली का मी वरतून खडा टाको. पान्यात गोल उठला का समजे तिले, बाप आला. तवा मान वर करे."

"त्या दिवशी?"

"पाय घसरला तिचा. पलीकडून बायका वरडल्या, तिकडे खोल हाये, इकडे ये म्हनून. आयकू आलं असतं तर वळली असती."

त्यानं आणखी एक खडा पाण्यात सोडला.

"म्हातारीले वाटते, मेल्यावर कान उघडते मानसाचे. मी काई बोललो नाई. पन जवाईबापू, जिले जिवंतपनी हाक समजत नोहती, ते हाकेले कशी येईन? घरात आलं ते आमची पोर नोहे."

"मग कोण?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी आयकलं नाई का? आवाज वळखीचा हाये. या गावच्याच पोरीचा हाये."

त्या वेळी घरातून रुख्माबाईनं परत हाक मारली. तिला आता हाक मारायचा चाळा लागला होता. मधे पाळ, झाडं, तरी संध्याकाळच्या शांततेत ते स्पष्ट आलं. "गंगा." आणि लगेच, धांदलीनं, हातातलं काम टाकून उठणाऱ्या बाईसारखं:

"आली माय, आली."

माझी आई शेवटची काही वर्षं भ्रमात होती. माझी मोठी बहीण लहानपणीच गेली होती, आई तिला हाका मारायची. दिवसभर. मी समजावून सांगायचो, आई, ती नाही आता. आई रडायची, विसरायची, परत हाक मारायची. मंजूनं कधी समजावलं नाही. ती चुलीपुढून उठायची, हात पदराला पुसायची आणि म्हणायची, आली माय, आली. दोनदा. मग जवळ जाऊन बसायची आणि मेलेल्या नणंदेचं बोलणं बोलायची. मी एकदा तिला म्हटलं, असं खोटं कशाला? ती म्हणाली, हाकेला कुणी ओ दिली नाही की माणूस किती एकटं पडतं, तुम्हाला नाही कळणार.

मला खरंच कळलं नव्हतं. राख सोडून मी न वळता निघून आलो, मागे एक हाक मारली नाही. तिला तिच्या नावानं कुणीच बोलावलं नाही. एक म्हातारी पाण्याशी दुसऱ्याच नावानं रडत होती, तिला मंजूनं ओ दिली. मी छातीवर हात दाबून तिथंच रडलो. पतिरामनं मला रडू दिलं.

"तुमची हाये," तो म्हणाला. "नेता येते का तिले?"

नेता येत होतं. ओळ पुसायची, दुसरा लॉगर काढायचा, बटण दाबायचं, नाव घ्यायचं. ती आली असती. ती कुणाच्याही हाकेला जायची, माझ्या हाकेला आली नसती का?

"म्हातारी आज जेवली," पतिराम म्हणाला. एवढंच. त्यानं मागितलं काही नाही.

त्यानं उरलेले खडे पाण्यात टाकले. वर्तुळं उठली, एकमेकांत मिसळली, पाणी निवळलं. मग थोडं पुढे, जिथं त्यानं मला तरंगा टाकू दिला नव्हता, तिथं आणखी एक वर्तुळ उठलं. तिथं खडा पडलेला नव्हता. मासोळी असेल, तळ्यात मासोळ्या आहेतच. ते गोल पसरत पसरत आमच्या पायरीपर्यंत आलं आणि पतिराम उठला. कमरेइतक्या पाण्यात उतरून तो उभा राहिला, हात पुढे करून, आणि मी तिकडे जास्त वेळ पाहू शकलो नाही.

८

छपरीत फोन वाजत होता.

"सर, अजून पाचवी ओळ दिसते आहे," रश्मी म्हणाली. "क्या करना है? मी इथून डिलीट करू?"

"नको."

"पण चारच सेन्सर आहेत ना?"

"पाचवा लावला आहे. घरातला ओलावा बघायला. लॉगरच्या जागेला लागतो." मी इतक्या सहज खोटं बोललो की मलाच नवल वाटलं. "पास करतील ते. काही विचारलं तर माझ्याकडे पाठव."

"ठीक आहे. मग नाव सांगा. सांडवा, मोरी, बांधी, तरंगा. आणि पाचवं?"

मी ताटव्याजवळच उभा होतो. बांबूच्या फटीतून शेगडीचा लाल उजेड दिसत होता आणि रुख्माबाईची पाठ. ती हलक्या हातानं कुणाचे तरी केस विंचरत होती. तिच्या गुडघ्याशी पाठमोरं कुणी बसलं होतं, मान किंचित खाली घालून, विंचरून घेणारी बाई बसते तसं. एवढंच दिसलं. मी डोळे वळवले. चेहरा बघितला असता तर माझ्याच्यानं पुढचं झालं नसतं.

तोंडाशी नाव आलं होतं. एक हाक, तीही मोठ्यानं नव्हे. ती उठली असती, हात पुसत दारात आली असती. आणि म्हातारीच्या हातात नुसती फणी राहिली असती.

"सर? पाचवं काय लिहू?"

"गंगा," मी म्हटलं.

तिनं लिहिलं. पडद्यावर नाव आलं. मी पिशवी उचलली, पतिरामची वाट न बघता गाडीला किक मारली आणि निघालो. आमगावपर्यंत मी काही विचार केला नाही. फाटकाशी मालगाडी आडवी आली तेव्हा सगळे डबे जाईपर्यंत रडलो, त्या खडखडाटात कुणाला कळत नाही.

घरी आलो. कुलूप काढलं, दिवा लावला. स्वयंपाकघरात तिचा पाट भिंतीला टेकवलेला आहे, तो खाली टाकून त्याच्यासमोर बसलो. मी तिला हाक मारली. हळू मारली, तिला ऐकू जाणार नाही इतकी हळू.